चार बैलगाड्यांचा तोफखाना

धुळ्याच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायचो, तेव्हा युद्धशास्त्र मला फार कळतं असा एक समज पसरला होता. तो पसरवण्यात माझाच हात होता. लढाईचा धडा आला की मी फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी बाण काढायचो. निळे बाण आपले, लाल बाण शत्रूचे आणि पिवळा बाण म्हणजे सेनापतीने जे करायला हवं होतं पण त्याला सुचलं नाही ते. पिवळा बाण नेहमी माझा असायचा. मी तिथे असतो तर निम्म्या लढायांचे निकाल बदलले असते, असं वर्गातल्या मुलांना वाटावं अशी माझी बोलण्याची पद्धत होती.

मग एनसीसीचे जुने सर बदलून जळगावला गेले आणि प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुमच्यासारखा माणूस असताना मी दुसऱ्याला का विचारू?" त्यांनी माझ्याआधी चार जणांना विचारलं होतं हे मला पुढे कळलं. त्या वेळी मात्र मी चेहरा गंभीर करून होकार दिला आणि स्टोअरमधून युनिफॉर्म घेऊन घरी आलो. पँट कमरेत इतकी सैल होती की बायकोने मागे दोन चुण्या घातल्या, आणि टोपी मी कशीही घातली तरी डोक्यावर पोळी ठेवल्यासारखी दिसायची.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. त्या वर्षीचं हिवाळी शिबिर शिंदखेडा तालुक्यात तापीच्या काठी होतं. तिथे पांझरा येऊन तापीला मिळते आणि दोन नद्यांच्या मध्ये जमिनीची एक लांबट जीभ उरते. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला अरुंद मान. गावातले लोक तिला बेट म्हणत. मी पहिल्याच दिवशी मुलांना समजावलं की हे बेट नव्हे, हे द्वीपकल्प. एक शेतकरी शेजारी हरभऱ्याला पाणी देत होता. तो म्हणाला, "तुम्ही काहीही म्हना सर, पुरात दोन्ही बुडतं."

शिबिराच्या शेवटी लुटुपुटूची लढाई असायची. बटालियनचे मेजरसाहेब पंच. ते खरे सैन्यातले, उंच, कमी बोलणारे. त्यांनी प्रश्न घातला तो असा: शत्रू तापीच्या पलीकडे आहे. आपल्याकडे फक्त चार तोफा आहेत, जास्त मिळणार नाहीत. मानेजवळ नदीला उतार आहे, तिथून पायी पार होता येतं. तो उतार आणि ही जमिनीची जीभ, दोन्ही दुपारपर्यंत राखायची. हल्ला करणार चोपड्याच्या कॉलेजची मुलं, आणि राखणार आम्ही.

तोफा म्हणून गावातून चार बैलगाड्या आणल्या. बैल सोडून द्यायचे आणि धुरा वर करून टेकू लावायचा, की लांबून खरोखर तोफेसारखं दिसायचं. प्रत्येक गाडीला बारा सुतळी बॉम्ब. ते संपले की तोफ मुकी, हा पंचांचा नियम. चारपैकी एक गाडी गावातल्या एका अक्कांची होती. गाडी द्यायला त्या तयार झाल्या, पण गाडीबरोबर स्वतःही आल्या आणि काठावर पदर खोचून बसून राहिल्या.

मी रात्रभर नव्हे, पण संध्याकाळचे चांगले तीन तास खर्चून नकाशा काढला होता. योजना अशी: दोन तोफा जिभेच्या थेट टोकावर, म्हणजे शत्रूच्या तोंडासमोर. उरलेल्या दोन उताराच्या काठावर, उघड्यावर, पाण्याला लागून. कागदावर ते इतकं सुंदर दिसत होतं की मी तो नकाशा तंबूच्या दांडीला टोचून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसेल याची काळजी घेतली.

सकाळी टोकावर गाड्या लावत असताना पन्नाशीचे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर, वर जुना खाकी स्वेटर, हात पाठीमागे बांधलेले. आमच्या शिबिराला पाणी त्यांच्याच विहिरीचं येत होतं, म्हणून मी त्यांना तोंडओळखीने जाणत होतो. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. विहाराची चावी त्यांच्याकडे असायची आणि तिथे येणारं वर्तमानपत्र तेच मोठ्याने वाचून दाखवत, एवढं मला माहीत होतं.

"सर, हाई काय चालू शे?" त्यांनी विचारलं. "या तोफा शेतस का?"

झालं. मला श्रोता मिळाला. मी त्यांना तोफखाना म्हणजे काय इथपासून सांगायला सुरुवात केली. तोफेचा पल्ला म्हणजे काय, तोफगोळा वर जाऊन खाली कसा येतो, तोफ पाहूनच शत्रूचं अर्धं धैर्य कसं खचतं. हाताने हवेत कमानी काढल्या. वीस मिनिटं तरी बोललो असेन. ते मान हलवत ऐकत होते. मध्ये एकदा मी विचारलंही, "कळतंय ना आबा? नाहीतर सोपं करून सांगतो."

"कळी ऱ्हायनं," ते म्हणाले. माझं संपल्यावर त्यांनी गाडीच्या चाकाखालच्या ओल्या वाळूत पायाचा अंगठा दाबून पाहिला. "पन सर, वखत उना तर या मांगे कश्या लई जाशात?"

"मागे न्यायच्याच नाहीत," मी म्हणालो. "इथेच लढायचं."

तेवढ्यात मेजरसाहेबांची जीप आली. जीप थांबताच आबांचे पाय आपोआप जुळले, छाती पुढे आली, हात ताठ होऊन मांड्यांना लागले. मेजरसाहेबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "कौनसी यूनिट?"

"तोफखाना, साब. हवालदार. गन का नंबर वन."

म्हणजे तोफेचा प्रमुख. अठरा वर्षं नोकरी, आणि एकाहत्तरच्या लढाईत प्रत्यक्ष भाग घेतलेला. मेजरसाहेबांनी हात मिळवला आणि म्हणाले, "मग आमच्या सरांना काही सांगितलंत की नाही?"

"नाही साहेब," आबा अगदी साधेपणाने म्हणाले, "सरच माले सांगी ऱ्हायंतात."

माझी मुलं नदीकडे तोंड करून उभी होती, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते.

लढाई साडेआठला सुरू झाली आणि साडेनवाच्या चहाआधी संपली. उताराच्या काठावरच्या माझ्या दोन तोफा पलीकडून इतक्या ठसठशीत दिसत होत्या, की चोपड्याच्या सरांनी पहिला इशारा दिला तेव्हाच मेजरसाहेबांनी एकीला बाद केलं. दुसरी तोफ अक्कांची. शत्रूची मुलं गुडघाभर पाण्यात उतरली, मी ओरडलो "फायर!", आणि त्याच क्षणी अक्का उठल्या आणि बैल घेऊन गाडीशी गेल्या.

"अक्का, लढाई चालू आहे!"

"चालू ऱ्हाऊ द्या ना. माले मनी गाडी जोयजे. कापूस बठ्ठा वावरमा पडेल शे, दोंडाईचाले गाडी लई जानी शे. तुमनी लढाई सांजले करा."

त्यांनी धुरा खाली घेतली, बैल जुंपले, आणि माझी तोफ सुतळी बॉम्बांसकट कापूस वाहायला निघून गेली. बॉम्ब त्यांनी नंतर परत पाठवले, एक कमी होता.

उतार मोकळा झाल्यावर शत्रू मानेवर येऊन उभा राहिला. मान बंद झाली म्हणजे टोकावर मी, वीस मुलं आणि दोन तोफा, आणि तिन्ही बाजूंना पाणी. आमचे सुतळी बॉम्ब तर कधीच संपले होते. पलीकडच्या काठावर चोपड्याची चार मुलं नुसती आरडाओरडा करत होती, त्यालाच मुख्य हल्ला समजून मी सगळे त्यांच्यावर उडवले होते. मेजरसाहेब चालत आले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "प्रोफेसर, तुम्ही सगळे कैदी."

कैद्यांना परत नेताना चोपड्याच्या सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा विषय वनस्पतिशास्त्र होता. ते म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही हो. मी फक्त जिथे पाणी कमी तिथून मुलं आणली."

मुलांचे चेहरे पडलेले पाहून मेजरसाहेबांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा एक संधी द्यायचं कबूल केलं. आता तोफा तीनच. अक्का गाडी देणार नव्हत्या, आणि मेजरसाहेब म्हणाले की युद्धात वाढवून मिळत नसतं. मी तंबूत गेलो, नकाशा दांडीवरून उतरवून त्याची घडी केली आणि दुपारी आबांच्या घरी गेलो. वाटेत मी दोनदा थांबलो. काय बोलायचं याची मी तयारी करत होतो, आणि अठरा वर्षं तोफेवर काढलेल्या माणसाला मी पल्ला म्हणजे काय ते सांगितलं होतं हे आठवून कान तापत होते.

ते ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी म्हणालो, "आबा, माझं चुकलं. आता सांगा."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. चेष्टा केली नाही, हेच मला जास्त लागलं. वर्तमानपत्र वाचण्याच्या सवयीमुळे काही समजावून सांगताना ते अहिराणी सोडून पुस्तकी मराठीकडे वळायचे.

"सर, तोफेला नदी दिसायची गरज नसते," ते म्हणाले. "नदी माणसाला दिसली पाहिजे. तोफ मागे, आडोशाला. अशी जागा बघायची, की तिथून उतारही पल्ल्यात आणि टोकही पल्ल्यात. मग तीन तोफा दोन्हीकडे सहाचं काम करतात. तुम्ही चार आणल्या आणि दोन-दोनच केल्या."

"आणि टोक? टोक मोकळं सोडायचं?"

"सोडायचं. येऊ द्या त्याला तिथे. आपल्याला जे तीन बाजूंचं पाणी, तेच त्याला. फक्त मान आपल्या पल्ल्यात पाहिजे."

हे इतकं सोपं होतं की मला राग आला, अर्थात स्वतःचा. मग मी विचारलं, "सकाळी तुम्ही फक्त मागे न्यायचं का विचारलंत? बाकी इतकं चुकलेलं असताना?"

त्यांनी सूप पुन्हा जवळ ओढलं. मग त्यांनी सांगितलं. एकाहत्तरमध्ये ते नदीच्या अशाच एका वळणावर होते. त्यांच्याकडे तोफा थोड्या आणि राखायचं फार होतं. त्यांच्या अधिकाऱ्याने सगळ्या तोफा मागे झाडीत लावल्या. पुढे खंदकात बसलेले पायदळाचे जवान चिडले. रोज निरोप यायचा, तोफा कुठे आहेत, आम्हाला एकही दिसत नाही. शेवटी त्यांना धीर यावा म्हणून एक तोफ टोकावर पाठवायचं ठरलं. ती आबांची.

"मी खूश झालो होतो सर. मलाही पुढेच जायचं होतं. मागे झाडीत बसून लाज वाटायची. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मागे या असा हुकूम आला. चाक चिखलात गेलं. सात जण लावले तरी हलेना. माझा जोडीदार म्हणाला, तू फळ्या घेऊन ये, मी चाक धरतो. मी फळ्या आणायला गेलो."

फळ्या घेऊन ते परत आले तेव्हा तोफेजवळ गोळा पडून जोडीदार आणि आणखी एक जवान गेलेले होते. तोफ त्यांनी संध्याकाळी बाहेर काढली. ती वाचली.

आतून त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला. मी कपात पाहत बसलो. फळ्यावर मी इतके बाण काढले होते, पण चिखल एकदाही काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सांगण्यावरून आम्ही तिन्ही गाड्या मानेच्या बऱ्याच मागे, नाल्याच्या वळणात बाभळींआड लावल्या. चाकांखाली आधीच फळ्या टाकल्या. दोन गाड्या जागेवर आणि तिसरी बैल जुंपलेली, फिरती. तिने एका जागी एक बॉम्ब उडवायचा आणि लगेच दुसरीकडे जायचं. "त्याला मोजता आलं नाही पाहिजे," आबा म्हणाले. मी काठावरच्या टेकाडावर झुडपात पडून नदी पाहायची आणि लाल झेंडी दाखवली की उतार, पांढरी दाखवली की मान, असं ठरलं. आबा बाहेरचे म्हणून त्यांना मैदानात परवानगी नव्हती. ते लांब आपल्या बांधावर बसले.

या खेपेला शत्रू उतारात आला तेव्हा मी दोनच बॉम्ब खर्च केले. ती मुलं गोंधळून मागे गेली आणि मग होड्यांनी टोकाकडून यायला लागली. टोक रिकामं पाहून त्यांनी जल्लोष केला. वनस्पतिशास्त्राचे सर स्वतः निशाण घेऊन पुढे होते. ते अख्खे जिभेत शिरले आणि मानेकडे सरकू लागले. मी पांढरी झेंडी उचलली. मागून धडाधड आवाज सुरू झाले, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, पुन्हा नाल्यातून. तीनच गाड्या आहेत हे मला माहीत असूनही मला पाच वाटल्या.

इथे माझ्याकडून जे झालं ते मी कोणाला फारसं सांगत नाही. दृश्य इतकं देखणं होतं की मी उभा राहिलो. नुसता उभा राहिलो नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. मेजरसाहेबांची शिट्टी वाजली.

"प्रोफेसर, तुम्ही मेलात."

"सर, पण आत्ता तर जिंकतोय आम्ही!"

"मुलं जिंकतील. तुम्ही मेलात. खाली झोपा."

मी खाली झोपलो. झेंड्या आमच्या सीनियर कॅडेटने उचलल्या. धरणगावकडचा हा मुलगा वर्गात माझ्या बाणांच्या वेळी नेहमी खिडकीबाहेर पाहायचा. त्याने एकही बॉम्ब वाया घालवला नाही. दुपारी मेजरसाहेबांनी निकाल दिला तेव्हा मानेच्या अलीकडे शत्रूचा एकही माणूस आला नव्हता आणि आमचे चार बॉम्ब शिल्लक होते. माझ्या मृत्यूनंतर तुकडीचं काम जास्त शिस्तीत झालं, असा शेराही त्यांनी अहवालात लिहिला. तो प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवला.

त्यानंतर मी वर्गात पिवळा बाण काढणं बंद केलं. सवय एकदम गेली नाही, कधी कधी हात जायचा, पण मग मी मुलांना विचारायचो की या सैन्याने पाणी कुठून आणलं असेल, गाडे चिखलातून कसे ओढले असतील. पुष्कळदा मलाच उत्तर माहीत नसायचं. आबांना मी एकदा कॉलेजात बोलवलं. इस्त्रीचे पांढरे कपडे घालून ते आले आणि दहाच मिनिटं बोलले. त्यातली सात मिनिटं ते चाकांबद्दल बोलले. मुलांनी मात्र त्यांना तासभर सोडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते धुळ्याला माझ्या घरी आले. खिशातून एक पत्र काढलं. त्यांच्या त्या जोडीदाराच्या मुलाचं, हिंदीत. मुलगा आता फौजेत भरती होणार होता. वडील गेले तेव्हा तो तान्हा होता. त्याने लिहिलं होतं, माझे वडील कसे गेले हे मला कोणी नीट सांगितलेलं नाही, तुम्ही शेजारी होतात असं आई म्हणते.

"तीन महिने झाले पत्र येऊन," आबा म्हणाले. "मला लिहिता येतं, पण बसलं की हात थांबतो. तुम्ही लिहून द्या. तुमची भाषा चांगली आहे."

मी लगेच बसलो. कागद घेतला, पेनात शाई भरली आणि हिंदीत दोन पानं लिहिली. त्यात रणभूमी होती, वीरगती होती, मातृभूमीची माती होती, आणि शेवटी अमर शब्द तर दोनदा आला होता. वाचून दाखवताना दोन्ही वेळा अमर शब्दावर मी आवाज चढवला. मी वर पाहिलं. आबा खाली फरशीकडे पाहत होते.

"छान आहे सर," ते म्हणाले. "पण हे त्याला सगळ्यांनी सांगितलंच असेल."

मग त्यांनी माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि कोऱ्या कागदावर स्वतः लिहायला लागले. बायकोने मध्ये पाणी आणून ठेवलं, ते त्यांना दिसलंही नाही. पाऊण तासात अर्धं पान झालं. त्यांनी ते मला वाचायला दिलं. तोफेचं चाक चिखलात गेलं होतं. तुझे वडील चाक धरून होते. त्यांनी मला फळ्या आणायला पाठवलं, म्हणून मी आज आहे. सकाळी आम्ही दोघांनी एकाच मगातून चहा प्यायला होता आणि त्यांनी तुझा फोटो मला दाखवला होता. फोटोत तू रडत होतास.

मी पत्रात एकाही शब्दाला हात लावला नाही. फक्त एका ठिकाणी वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त करायला पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. आम्ही दोघं उन्हात चालत पोस्टात गेलो. मी पाकीट पेटीत टाकायला हात पुढे केला, तर आबा म्हणाले, "राहू द्या सर, मी टाकतो."

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मुलाने भरती झाल्याचं कळवलं होतं. तोफखान्यातच.